तुम्ही विचारलेत म्हणून: ओंडाटजे गोष्ट सरळ का सांगत नाहीत?

‘द इंग्लिश पेशंट’ या कादंबरीची तारीफ करून झाली की तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तिचे लेखक, श्रीलंकेत जन्मलेले कॅनेडियन कवी-कादंबरीकार मायकल ओंडाटजे यांचे दुसरे एखादे पुस्तक हातात घेतले तर मध्येच कविता, मध्येच मुलाखत, मध्येच फोटो आणि कधी नुसतीच कोरी जागा का लागते. या माणसाला गोष्ट सरळ सांगता येत नाही की सांगायचीच नसते? टोरांटोत राहणारा आणि त्यांची पुस्तके पुन्हा पुन्हा वाचणारा मराठी माणूस म्हणून हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो, आणि त्यातला सूर मला खुपतो, हे आधीच सांगून टाकतो. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण १९९६च्या चित्रपटावरून पुस्तकाकडे आलेले असतात. बॉम्ब निकामी करणारा शीख सैनिक किप हिरोशिमाची बातमी ऐकून ज्या संतापाने पेटून उठतो, तो प्रसंग त्या चित्रपटाने गाळलेला आहे. जिला तुम्ही सरळ गोष्ट म्हणता, ती छाटून सरळ केलेली आहे.

माझे उत्तर असे आहे की ओंडाटजे यांचे बहुतेक प्रत्येक पुस्तक एखाद्या गहाळ पुराव्याभोवती रचलेले आहे, आणि पुरावा जिथे तुटतो तिथे पुस्तकही तुटते. बिली द किड या अमेरिकन दरोडेखोरावरच्या, १९७०च्या ‘द कलेक्टेड वर्क्स ऑफ बिली द किड’च्या सुरुवातीला एक रिकामी चौकट आहे आणि तिच्याखाली बिलीचा फोटो पाठवत असल्याचा मजकूर आहे. शेवटी तशाच चौकटीच्या कोपऱ्यात काउबॉयच्या वेषातला एक लहान मुलगा दिसतो. तो श्रीलंकेतल्या बालपणातले खुद्द ओंडाटजे आहेत. १९८७च्या ‘इन द स्किन ऑफ अ लायन’मध्ये टोरांटोचा ब्लूर स्ट्रीट व्हायाडक्ट हा पूल आहे, ज्याच्या खालच्या मजल्यावरून आज भुयारी रेल्वे डॉन नदीचे खोरे ओलांडते आणि मीही कामावर जातो. पुलाला किती वाळू लागली याची नोंद सापडते, पण तो बांधणाऱ्या स्थलांतरितांविषयी कुणी अवाक्षर लिहून ठेवलेले नाही, अशी ओंडाटजे यांची तक्रार होती. म्हणून त्या कादंबरीत अर्धवट पुलावरून वाऱ्याने उडालेली ख्रिस्ती जोगीण खाली लोंबकळत काम करणाऱ्या एका मॅसेडोनियन कामगाराच्या हाती सापडते आणि तिला झेलताना त्याचा खांदा निखळतो. ‘द कॅट्स टेबल’ आणि ‘वॉरलाइट’ त्या मानाने सरळ चालतात, त्यामुळे ती इथे बाजूला ठेवतो.

इथवरचे उत्तर मी पूर्वीही देत असे, आणि ते देताना मला स्वतःचे कौतुकही वाटत असे. अडचण झाली ती आमच्या वाचनगटात, ‘कमिंग थ्रू स्लॉटर’ या १९७६च्या कादंबरीवर बोलायला बसलो तेव्हा. ही न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाची (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखे वाद्य) कहाणी आहे. जॅझच्या आरंभीचा हा माणूस; त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही आणि फोटो म्हणावा तर वाद्यवृंदासोबतचा एकुलता एक. १९०७मध्ये त्याला लुइझियानातल्या जॅक्सनच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १९३१मध्ये तो तिथेच वारला. कादंबरी सुरू होते डॉल्फिनांच्या आवाजांच्या आलेखांनी. शिट्टी आणि टिकटिक असे दोन्ही आवाज डॉल्फिन एकाच वेळी कसे काढतो हे कुणालाच ठाऊक नाही, असे तिथे म्हटले आहे, आणि बोल्डनच्या हरवलेल्या सुरांबद्दल याहून नेमके काही सांगता येणार नाही, असे मी मोठ्या उत्साहाने मांडत होतो. शेवटाकडे ओंडाटजे स्वतःच पुस्तकात येतात, बोल्डन वेडा झाला तेव्हा माझ्याच वयाचा होता असे म्हणतात आणि त्याच्या फोटोचा आरसा होतो, ते पानही मी वाचून दाखवले.

आमच्या गटात वयाने मोठ्या एक बाई आहेत, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. त्या तोवर गप्प होत्या. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, “त्या इस्पितळातल्या चोवीस वर्षांत त्याचे काय झाले, हे या लेखकाला कुणी सांगितले?” कुणीच नाही, म्हणून तर कादंबरी लिहायची, असे मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, “माझा भाऊ असाच एका इस्पितळात होता. आम्ही दिवाळीला जायचो, तो ओळखायचा, कधी ओळखायचा नाही. मधल्या दिवसांत काय घडायचे ते आम्हांला कधी कळले नाही. उद्या कुणी ते दिवस स्वतःच्या मनाने सुंदर लिहून काढले, वर त्यात स्वतःचा चेहरा पाहिला, तर मी त्याचे आभार मानायचे का?”

मी तेव्हा गप्प बसायला हवे होते असे घरी परतताना बायको म्हणाली, पण मी बसलो नाही आणि अजूनही मला ते चुकले असे वाटत नाही. काही तथ्ये कल्पितासाठी वाढवली किंवा घासूनपुसून घेतली आहेत, हे ओंडाटजे यांनी पुस्तकातच नोंदवले आहे, असे मी सांगितले. गटातल्याच एकाने त्यावर डोनाल्ड मार्क्विस यांच्या १९७८च्या बोल्डनचरित्राचा दाखला दिला: बोल्डनचे केशकर्तनालय होते आणि तो ‘द क्रिकेट’ नावाचे चहाडखोर पत्रक चालवत असे, या दोन्ही गोष्टी निव्वळ दंतकथा आहेत, आणि कादंबरीचा निम्मा डोलारा याच दोन गोष्टींवर उभा आहे. “म्हणजे लोकांच्या दाढ्या करणेसुद्धा त्याच्या माथी मारलेले,” ताई म्हणाल्या. सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

माझ्याकडे आणखी एक मुद्दा होता. ‘रनिंग इन द फॅमिली’ या कौटुंबिक आठवणींच्या पुस्तकात ओंडाटजे यांनी स्वतःच्या दारुड्या वडिलांनाही असेच ऐकीव गोष्टींतून उभे केले आहे आणि पुस्तक अपुरेच राहिले, हेही त्यांनी तिथेच लिहिले आहे, परक्याला लावलेला न्याय त्यांनी घरातही लावला. “वडील त्यांचे होते,” एवढेच ताई म्हणाल्या.

तेव्हाचा मी याला भावनिक प्रतिक्रिया म्हणून मोकळा झालो होतो. साहित्याला दु:खाची परवानगी मागावी लागली तर काहीच लिहिले जाणार नाही, हे माझे वाक्य मला आजही पटते. पण ‘द इंग्लिश पेशंट’चा नायक अल्माशी याच्याकडे पाहिले की ते तितक्या खात्रीने उच्चारता येत नाही. ज्याच्यावरून तो बेतला तो खराखुरा अल्माशी हा हंगेरियन संशोधक दुसऱ्या महायुद्धात जर्मनांसाठी काम करत होता, आणि चित्रपट आल्यावर त्यावरून वादही झाला. त्याच्या बाबतीत लेखकाने त्याला उजळून दाखवले म्हणून मला राग येतो आणि बोल्डनच्या बाबतीत येत नाही, याचे कारण मला धड सांगता येत नाही. बोल्डन मला आवडतो, हे काही कारण होत नाही.

श्रीलंकेतल्या यादवीवरच्या ‘अनिल्स गोस्ट’मध्ये आनंद नावाचा कारागीर एका बेनाम सांगाड्याच्या कवटीवर चेहरा घडवतो, आणि त्या चेहऱ्यावर उतरते ती शांतता मेलेल्या माणसाची नसते; आनंदची बायको बेपत्ता झालेली असते आणि तिला लाभावी अशी ती शांतता असते. रिकामी जागा भरणारा ती स्वतःच्याच गरजेने भरतो, हे ओंडाटजे यांनी इथे उघड मांडले आहे, आणि २०००च्या या पुस्तकाला मी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मानतो. ताई मानत नाहीत. उत्तर द्यायचे तर ते बोल्डनला द्यायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे आहे.

तर सरळ गोष्ट का नाही, याचे माझे उत्तर अजूनही तेच आहे, फक्त ते मी आता ताईंसमोर देत नाही. सुरुवात कशापासून करावी असे विचाराल तर टोरांटोत असाल तर पुलाच्या कादंबरीपासून करा. नसाल तर बिलीपासून. बोल्डन घेतलात तर मार्क्विस यांचे चरित्र नंतर वाचा, आधी नको. ताईंचा सल्ला याच्या बरोबर उलटा आहे.