मला नाही बाई ऐकू आलं

मंगळवार, रात्री सव्वानऊ

साडेदहाला दिवे मालवायचे आहेत. कंपॅनियन, म्हणजे मिशनमधली माझी जोडीदार, उद्याच्या स्कर्टला इस्त्री करतेय आणि टोंगन भाषेत काहीतरी गुणगुणतेय. तिला म्हटलं, आज मला लिहू दे. दुपारपासून एकच वाक्य मागे लागलंय. मला नाही बाई ऐकू आलं.

मॉर्मन चर्चची मिशनरी होऊन पाचवा महिना संपत आला. सॉल्ट लेक सिटीतल्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे चर्चच्या जुन्या सभागृहात, बारीक आवाजही किती लांब पोचतो हे पाहुण्यांना दाखवायला ती टाचणी मी किती वेळा टाकली असेल याचा हिशेब नाही. काही दिवशी सहा-सात वेळाही. शेजारच्या मॉर्मन मंदिराच्या दुरुस्तीचं काम 2019 च्या अखेरीपासून चालू आहे, त्यामुळे लांबून आलेल्या लोकांना कुंपण आणि क्रेनच बघाव्या लागतात, आणि मग आम्ही त्यांना इकडे आणतो. माझा सगळा जीव या इमारतीत आहे. 1867 साली बांधून झाली. छपराला आतून एकही खांब नाही. पूल बांधणाऱ्या माणसानं, हेन्री ग्रोनं, लाकडी मेखा आणि ओल्या चामड्याच्या पट्ट्या वापरून ते उभं केलं, कारण लोखंड मिळणं तेव्हा कठीण होतं. हे सांगताना माझा आवाज दर वेळी थोडा वर जातो, मला कळतं ते.

मग टाचणी. पाहुण्यांना मागच्या बाकांवर बसवायचं, कंपॅनियन त्यांच्याजवळ थांबते, मी पुढे. माइक बंद. आधी कागद फाडायचा, मग टाचणी, मग खिळा. मधे सुमारे 170 फूट. टाचणी पडली की मागे लोक एकमेकांकडे बघतात, माना डोलावतात, आणि मी इंग्रजीत विचारते, ऐकू आलं ना?

आज बाराच्या ऑर्गनआधीच्या टूरला एक मराठी कुटुंब होतं. यलोस्टोनला जाताना वाटेत थांबलेलं. मुलगा, सून, नातू आणि आजी. सुती साडी, त्यावर स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. फाटकापाशीच त्यांचं बोलणं कानावर पडलं होतं आणि तरी मी इंग्रजीतच सुरुवात केली. मराठी आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. घरचे काय म्हणाले. मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं.

कागद फाडला. टाचणी टाकली. माना डोलल्या. मी विचारलं, आणि मागून स्वच्छ आवाज आला, "मला नाही बाई ऐकू आलं."

"आई, अगं..." मुलगा म्हणाला.

"नाही आलं तर नाही आलं. हो कशाला म्हणू?"

त्या सभागृहात कोणी हळू बोललेलंही ऐकू येतं, आणि हे तर मराठीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, परत टाकू का?"

मग काय. "अगंबाई, तू आपल्यातली!" मी मागे गेले तर त्यांनी माझ्या बिल्ल्यावरचा तिरंगा बोटानं चाचपला, खाली 'सिस्टर' (आम्हा मिशनरी मुलींना तसंच म्हणतात) वाचलं आणि म्हणाल्या, "नर्स आहेस का ग? बरं झालं. हे बघ, सकाळपासून नुसतं टुकटुक करून बंद पडलंय." आणि कानातलं मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. उबदार होतं.

नर्स नाही म्हणून सांगायला वेळच मिळाला नाही, आणि मशीन मला येत होतं. बटव्यात गोळ्यांच्या आणि खडीसाखरेच्या पुडीखाली बॅटरीचं पाकीट होतं. नवी बॅटरी घेतली, तिच्यावरची तपकिरी चिकटपट्टी काढली आणि लगेच आत न घालता मिनिटभर बोटांत धरून ठेवली. तिला हवा लागू द्यावी लागते. सुनेनं विचारलं, हे कुठून माहीत? म्हटलं, आमच्या आजोबांचं मीच करायचे. आजोबा मार्चमध्ये गेले. मी तेव्हा प्रोव्होला मिशनरी ट्रेनिंगमध्ये होते. त्याबद्दल आज नको.

मशीन कानात बसवलं, पुढे गेले, परत टाकलं सगळं. आजींनी डोळे मिटून घेतले होते. "खिळ्याचं आलं," म्हणाल्या. "टाचणीचं नाही ग."

इथवर मला वाईट वाटलं नव्हतं, उलट हलकं वाटत होतं. बाहेर पडताना मुलगा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू का, टाचणी मलाही नव्हती ऐकू आली. सगळे मान हलवत होते म्हणून मीही हलवली. पण छान सांगता हं तुम्ही."

'छान सांगता' हे शब्द ऐकल्यावर पोटात काहीतरी खचलं ते अजून तसंच आहे.

पाच महिने मी त्या माना बघून रात्री वहीत लिहीत आलेय की आज चांगला दिवस गेला. त्यातल्या किती माना खऱ्या होत्या? आणि हे टाचणीपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. मी माणसांना शिकवते. आमच्या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ चौदा वर्षांचा असताना, 1820 साली, झाडीत जाऊन गुडघे टेकून काय मागत होता हे मी माझ्या सगळ्या विश्वासानिशी सांगते, आणि शेवटी विचारते, समजलं ना? 'ना' लावून विचारलं की समोरचा हो शिवाय दुसरं काय म्हणणार! मी जागाच ठेवत नाही. विचारतानाच उत्तर त्याच्या तोंडात घालून मोकळी होते.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. मिशनच्या अठरा महिन्यांतले पाच गेले. शेवटच्या वर्षाची परीक्षा टाकून आले. बाबा सोमवारच्या फोनवर येत नाहीत, मागून टीव्हीचा आवाज तेवढा येतो. हे सगळं करून मी इथे काय करतेय तर टाचण्या पाडतेय, आणि भिडस्त माणसं माझं मन राखतायत. कंपॅनियन शेजारी बसून राहिली. बोलली काही नाही. थोड्या वेळानं तिनं माझा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला.

आणि मीही तेच करते की. आई विचारते, बरं चाललंय ना? मी म्हणते, हो. एकदा हिमात घसरून मनगट सुजलं होतं तेव्हाही हो. आजोबा गेल्यानंतरच्या सोमवारीसुद्धा, हो आई, मी बरी आहे. तिनं ते रात्री खरं धरलं असेल का?

तीनला सुवा शहरातल्या ताईंचा व्हिडिओ कॉल होता, मी त्यांना ऑनलाइन शिकवते. त्यांच्याकडे बुधवार सकाळचे नऊ. फिजीतलं त्यांचं हिंदी मला सुरुवातीला अर्धंच कळायचं, आता सवय झालीय. आठ धडे झालेत आणि दर वेळी ताई म्हणतात, हो बेटी, वाचलं, हो बेटी, समजलं. फार गुणी विद्यार्थिनी म्हणून मी त्यांचं नाव मीटिंगमध्ये दोनदा घेतलं होतं.

आज प्रार्थना झाल्यावर मी पुस्तक उघडलं नाही. म्हटलं, ताई, मी तुम्हाला जे सांगते ते तुमच्यापर्यंत पोचतं का? नसेल पोचत तर तसं सांगा, मला राग येणार नाही.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, एक पानसुद्धा वाचलं नाही. बारीक अक्षर दिसत नाही आणि हे सांगायची लाज वाटत होती. मुलगा ऑकलंडला, सून आणि नातवंडंही गेली. घरात हिंदी बोलायला कोणी उरलं नाही. मंगळवारी तू येतेस (आमचा मंगळवार त्यांनी लक्षात ठेवलाय, त्यांच्याकडे बुधवार असून), म्हणून मी सकाळी लवकर आंघोळ करून बसते.

मी रडले नाही. रडायला येईल असं वाटलं होतं, पण उलट छातीवरचं काहीतरी उतरलं. ताई आठही वेळा तयार होऊन माझ्यासमोर बसल्या होत्या, ते खोटं नव्हतं. त्यांना काय हवंय ते मी कधी विचारलंच नव्हतं, एवढंच. आणि दुपारी आजींनी माझ्या हातावर मशीन ठेवलं तेव्हा त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. टाचणी नसेल ऐकू आली. नंतर ऑर्गन सुरू झाला, 11,623 नळ्यांचा, तेव्हा आजींनी नवं घातलेलं मशीन स्वतःच काढून मुठीत धरलं आणि दुसरा हात बाकावर सपाट टेकवला. लाकूड थरथरत होतं. माझा हात ओढून शेजारी ठेवला. मी त्या सभागृहात रोज असते आणि बाकावर हात ठेवून कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या वेळी मी ताईंना वाचून दाखवणार आहे. त्यांनी तसं स्वतः म्हटलं, की तू वाच, मी ऐकते, आणि नाही कळलं तर थांबवते. मी म्हटलं, थांबवाच.

फोन ठेवायच्या आधी ताई म्हणाल्या, पत्र्यावर पाऊस लागलाय, ऐकू येतो का बघ. मी कान लावला. नुसती खरखर. तोंडातून हो निघतच होतं.

"नाही ताई, नाही ऐकू येत."

थांब, म्हणाल्या, आणि खुर्ची सरकवून उठल्या. पडद्यावर भिंत गेली, कॅलेंडर गेलं, चुलीवरची तव्याची कड गेली. त्यांनी खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरला.