वाफसा नसेल तर यंत्र शेतात नाही: आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात एका मळणी यंत्रापासून झाली. वडिलांनी ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र घेतलं, भाड्यानं फिरवलं, आणि त्याच कमाईच्या जोरावर आम्ही दोघा भावांनी पुढे कम्बाइन हार्वेस्टर, म्हणजे कापणी आणि मळणी एकाच वेळी करणारं यंत्र, घेतला. आज आम्ही काढणी, धान्य वाळवणं आणि काढणीनंतरची मशागत अशी तिन्ही कामं करतो. कागदावर आराखडा मांडून हा विस्तार झालेला नाही. ऐन काढणीत येणाऱ्या पावसानं एकेक काम आमच्यापुढे आणून ठेवलं.

वेळेवर ऊन पडणाऱ्या वर्षी आमचा धंदा सरळ असतो. पीक पिवळं पडतं, पानं गळतात, शेंगा खुळखुळतात, यंत्र लावायचं आणि पुढच्या शेताकडे निघायचं. कस लागतो तो ओल्या हंगामात. उभं सोयाबीन वाळलं की त्याला थांबायला वेळ नसतो. वाळलेली शेंग भिजते, पुन्हा उन्हात तापते, पुन्हा भिजते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की शिवणीवर उकलते आणि दाणे जमिनीवर पडतात. पाऊस थांबलाच नाही तर दाण्याची साल सुरकुतते, बुरशी धरते, काही वेळा शेंगेतच कोंब दिसायला लागतात. वर्षभराची मेहनत डोळ्यांसमोर अशी जाताना शेतकऱ्याचा जीव कासावीस होतो आणि तो दिवसातून दहा वेळा फोन करतो. ते फोन आम्हाला कधीच त्रासाचे वाटले नाहीत. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही केले असते.

या घाईतच आम्ही ओलावा मोजायला लागलो. पूर्वी दाणा दातानं फोडून अंदाज घ्यायचो, आता प्रत्येक शेतात आधी ओलावा मापक लागतो. सोयाबीन 13 ते 15 टक्क्यांवर काढायला सर्वांत चांगलं. 11 टक्क्यांच्या खाली गेलं की शेंगा यंत्राच्या कापणीच्या पट्टीच्या धक्क्यानंच फुटतात आणि मळताना डाळ होते. मक्याचं गणित वेगळं. तो 20 ते 25 टक्क्यांवर काढून वाळवता येतो, आणि हवामान बिघडणार असेल तर तसंच करणं शहाणपणाचं, कारण बुडखा कुजून आडवा झालेला मका कुठल्याच यंत्राला नीट उचलता येत नाही. ज्यांच्याकडे मापक नाही त्यांना आम्ही मिठाची युक्ती सांगतो. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि थोडं कोरडं मीठ घालून नीट हलवायचं आणि काही मिनिटं ठेवून द्यायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, ते धान्य साठवायचं नाही.

काढणीच्या दिवसात यंत्राची जुळणीही आम्ही बदलत राहतो. सकाळी दव असतं, शेंग चिवट असते, मळणी अर्धवट होते. दुपारी तीच शेंग हात लावताच तडकते. म्हणून मळणीच्या ड्रमचा वेग आणि ड्रम व त्याखालची जाळी यांमधलं अंतर सकाळी एकदा लावून दिवसभर तसंच ठेवणं आमच्याकडे चालत नाही. चालक दर काही तासांनी यंत्र थांबवून खाली उतरतो. त्याच्याकडे एक फूट लांबी-रुंदीची लोखंडी चौकट असते. यंत्र जिथून गेलं तिथे ती वेगवेगळ्या ठिकाणी टाकायची, भुसा बाजूला सारायचा आणि आतले दाणे बोटानं मोजायचे. सोयाबीनचे चौरस फुटात सरासरी 4 दाणे दिसले तर दाण्याच्या आकाराप्रमाणे एकरी 20 ते 27 किलो माल मातीत गेला. मग यंत्र चालायच्या आधीच्या जागेतही चौकट टाकायची, म्हणजे पावसानं किती झडलं आणि आपण किती सांडलं ते वेगळं कळतं. सोयाबीनमध्ये बहुतेक नुकसान कापणीच्या पट्टीपाशी होतं. पट्टी जमिनीलगत ठेवली, पाती धारदार असली आणि वेग ताशी 4-5 किलोमीटरवर आणला तर फरक लगेच दिसतो. शेताचा मालक शेजारी बसून दाणे मोजतो तेव्हा त्याला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

वाळवणी यंत्राची गरज ओल्या मक्यानं दाखवली. ओला माल ढीग करून ताडपत्रीखाली झाकला की आतून तापतो. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर ऊब हाताला लागते, आणि तिथून वास येईपर्यंत फार वेळ जात नाही. पातळ थर करून उन्हात पसरणं चांगलंच, पण ऊनच नसेल तेव्हा काय? म्हणून कर्ज काढून आम्ही गरम हवेचा ड्रायर बसवला. बियाण्याचा माल आला तर दाण्याचं तापमान 43 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाही, नाहीतर उगवण मरते. सोयाबीनला फार गरम आणि फार कोरडी हवा दिली की साल तडकते, त्यामुळे तिथे घाई करायची नाही हा कामगारांना पक्का नियम आहे.

ड्रायरबरोबर वजनाचे वादही आले. माल 100 क्विंटल दिला आणि 93 परत आला, बाकीचा गेला कुठे, हा प्रश्न प्रत्येक नवा ग्राहक विचारतो आणि त्यानं तो विचारलाच पाहिजे. 20 टक्के ओलाव्याच्या 100 क्विंटलमध्ये कोरडा माल 80 क्विंटल असतो. तो 14 टक्क्यांवर आणला की त्या 80 क्विंटलचा हिस्सा 86 टक्के होतो, म्हणून एकूण वजन 80 भागिले 0.86, म्हणजे 93 क्विंटल. गेलं ते पाणी. हे गणित आता आम्ही ड्रायरशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं आहे, आणि येताना-जाताना दोन्ही वेळा ओलावा शेतकऱ्यासमोरच मोजतो.

सगळ्यात अवघड काम मात्र नकार देण्याचं. पीक वाळलेलं आहे, आभाळ पुन्हा भरून येतंय, आणि जमिनीत वाफसा नाही, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकलेली नाही. अशा वेळी धान्यानं भरलेलं यंत्र शेतात घातलं तर चाकं रुततात आणि वरून दिसत नाही इतक्या खोल माती दाबली जाते. दाबणीचा मोठा भाग पहिल्याच फेरीत होतो, म्हणून आज थोडंसंच फिरवू या म्हणण्यात अर्थ नसतो. वरचे चर बुजवता येतात, खालचा घट्ट थर पुढची अनेक वर्षं मुळांना अडवतो. आम्ही वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करतो आणि अंगठ्यानं फोडतो. भुसभुशीत फुटली तर काम सुरू. चिकट राहून लांबत गेली तर थांबायचं. यामुळे काही गिऱ्हाइकं आम्हाला सोडून गेली, दुसऱ्याचं यंत्र लावून त्यांनी काढणी उरकली. त्यांची अडचण आम्हाला कळत होती, तरी नियम बदलला नाही.

कधी पीक पूर्ण हातचं जाणार असं स्पष्ट दिसतं, तेव्हा शेतात उतरावंच लागतं. मग रुंद चाकं आणि त्यांत कमी हवा, टाकी अर्धी भरली की रिकामी करायची, ट्रॉली बांधाकडेच उभी ठेवायची, आणि जाण्या-येण्याची एकच वाट धरायची. सगळं शेत थोडं-थोडं तुडवण्यापेक्षा एकच पट्टा खराब झालेला परवडतो.

मशागतीचं काम त्या पट्ट्यांमुळेच आमच्याकडे आलं. काढणी संपली की पुढच्या पेरणीची लगबग सुरू होते आणि प्रत्येकाला नांगर हवा असतो. ओल्या जमिनीत नांगर घातला तर फाळाखालची माती गुळगुळीत लिंपली जाते, वर ढेकळं निघतात, ती वाळून दगडासारखी होतात. आम्ही आधी वरचा थर सुकू देतो, चर हलक्या कुळवानं सपाट करतो आणि खालचा थर कोरडा झाल्यावरच गरज असेल तिथे सबसॉयलर, म्हणजे खोलवरचा घट्ट थर फोडणारं अवजार, घालतो. अनेक शेतांना तेवढीही गरज नसते, तिथे थेट पेरणी करा म्हणून सांगतो, आमचं एक काम कमी झालं तरी.

भुसा पसरवण्याकडेही आता आम्ही काटेकोर लक्ष देतो. यंत्रामागे ओल्या भुशाचे जाड पट्टे पडले तर पुढच्या पेरणीत बी मातीत न जाता भुशातच अडकतं आणि त्या ओळी विरळ उगवतात. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना यंत्र झाडून घेतो, नाहीतर एकाचं तण दुसऱ्याकडे जातं. त्यात वेळ जातो. वाट पाहणाऱ्यांनी तो आम्हाला द्यावा.

पुढच्या हंगामासाठी आम्ही नोंदणीची पद्धत बदलत आहोत. आधी फोन करणाऱ्याचा आधी नंबर, हे आता चालणार नाही. नोंदणी करताना वाण, पेरणीची तारीख आणि शेतात पाणी कुठे साचतं एवढं सांगा. लवकर येणारं वाण आणि निचऱ्याची जमीन आधी, सखल आणि भारी जमीन वाफसा येईल तशी, असा क्रम आम्ही लावू. ज्यांचं क्षेत्र मोठं आहे त्यांनी सगळीकडे एकच वाण एकाच आठवड्यात पेरू नये, दोन-तीन वेगवेगळ्या मुदतीची घ्यावीत. त्याबद्दल पेरणीच्या आधीच बोलायचं असेल तर जरूर या, तेव्हा आमच्याकडे वेळही असतो.