पाठ टेकण्यापुरती जागा

कमी पैशांत फिरायचं ठरलं की पहिली कात्री लागते ती मुक्कामाला. पेट्रोल टाळता येत नाही, टोल टाळता येत नाही, आणि 'या वेळी खाण्यावर फार उडवायचं नाही' असं घरून ठरवून निघालेला माणूस नारायणगावात मिसळीचा तिसरा पाव मागवताना सापडतो. मग उरतो मुक्काम. "रात्री काय, नुसतं झोपायचंच तर आहे," हे आमच्या खजिनदाराचं पेटंट वाक्य. त्याला खजिनदार कोणी नेमलं ते आता कोणालाच आठवत नाही. कॉलेजात असताना पहिल्या ट्रेकची कॉन्ट्री त्याच्याकडे जमा झाली आणि तेव्हापासून त्याने पद सोडलेलं नाही. एरवी स्वभावाने उदार माणूस आहे. फक्त झोपेचे पैसे मोजायचे म्हटलं की त्याच्या जिवावर येतं.

त्याच्या हिशेबाने मुक्कामाला तीन गोष्टी लागतात. वर छप्पर, जवळपास पाणी आणि पाठ टेकण्यापुरती जागा. एवढंच मागितलं तर सह्याद्रीत माणूस उघड्यावर पडत नाही. पायथ्याच्या गावात शाळेचा व्हरांडा असतो, मारुतीच्या देवळाचा सभामंडप असतो. वर गडावर गेलात तर त्याहून चांगली सोय. रतनगडाच्या आणि हरिश्चंद्रगडाच्या गुहा, राजगडावरचं पद्मावतीचं देऊळ, सुधागडावरचा पंतसचिवांचा वाडा. या जागांनी ट्रेकर्सच्या कितीतरी पिढ्या फुकटात झोपवल्या आहेत. आता काही गडांवर रात्री राहायला बंदी आहे आणि ती का आली हे सांगायला कोणा अधिकाऱ्याची गरज नाही. भिंतींवरचं चुलीचं काजळ आणि कोपऱ्यातली मॅगीची पाकिटं पुरेशी बोलकी आहेत.

देवळात किंवा गुहेत कोणी कुठे झोपायचं, याचं एक न लिहिलेलं शास्त्र आहे. भिंतीकडेची जागा सगळ्यात भारी, कारण एका बाजूने तरी कोणी लाथ मारत नाही. पण पावसाळ्यात तीच भिंत पाझरते आणि पहाटे तीनला भिंतवाला सरकत सरकत मधल्या माणसाच्या कॅरीमॅटवर येतो. दाराजवळ वारा लागतो, शिवाय गावापासून सोबत आलेलं कुत्रं तिथेच अंग टाकतं. अनुभवी माणूस आत शिरल्या शिरल्या सॅक उतरवायच्या आधी वर बघतो. छप्पर कुठे गळतंय आणि वटवाघळं कुठे लटकलीत ते पाहून घेतो आणि मग काही न बोलता आपली पथारी टाकतो. नवखा बिचारा देवाला नमस्कार करून, दोन फोटो काढून मोकळा होईपर्यंत त्याच्या वाट्याला घंटेखालची जागा आलेली असते. पहाटे पुजारी आला की पहिला ठोका त्याच्या कानाशी.

आमच्यातला एक जण डॉक्टर आहे. तो घोरतो. तो घोरायला लागला की गुहा त्याला साथ देते, इतकंच लिहितो. बाकी त्याच्यामुळे औषधांची पेटी फुकट मिळते, आणि खजिनदाराने ही जमेची बाजू वहीत केव्हाच मांडून ठेवली आहे.

मुक्कामाचं खरं तत्त्वज्ञान मात्र मी एसटीत पाहिलं. गाडी नव्हती तेव्हा आम्ही मुक्कामी गाडीने जायचो. संध्याकाळी तालुक्याहून निघून रात्री आडगावी थांबणारी आणि पहाटे तिथूनच परत फिरणारी ही गाडी म्हणजे दुर्गम किल्ल्यांचा खरा दिंडी दरवाजा. गावात पोहोचल्यावर ड्रायव्हर टपावर ठेवलेल्या वळकटीकडे एकदा बघायचा, कंडक्टर कॅशची बॅग उशाशी घ्यायचा, आणि दोघं त्याच गाडीत नाहीतर समोरच्या देवळात आडवे व्हायचे. आम्ही देवळात गप्पा हाणत असायचो तेव्हा त्यांना पहाटेची फेरी असायची. "पोरांनो, झोपा आता," एवढंच ते म्हणायचे. हौसेने जमिनीवर झोपणारे आम्ही आणि नोकरी म्हणून झोपणारे ते. त्या एका वाक्यानंतर आमचा आवाज आपोआप खाली यायचा.

आता एकाची जुनी डिझेल गाडी आहे. सगळे चाळिशीच्या पुढचे. मागच्या हिवाळ्यात जुन्नर भागात फिरलो. घाटघरला गाडी लावून जीवधन चढलो. इंग्रजांनी १८१८ मध्ये या गडाच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्यामुळे वाटेतल्या रॉक पॅचवर, म्हणजे उघड्या कातळाच्या टप्प्यावर, आजही पोट सांभाळत चढावं लागतं. त्यांचा हेतू आमच्या पोटांबाबत तरी सफल झाला. वरून वानरलिंगीचा सुळका पाहिला, उतरून गावात पिठलं-भाकरी खाल्ली. ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्या ओट्यावर पथाऱ्या टाकायला लागलो तर आतून आजी म्हणाल्या, "पाव्हणं, आत झोपा. राती वाघरू फिरतंय." जुन्नर हा बिबट्यांचा तालुका. छप्पर, पाणी आणि जागा या तीन अटींत एक चौथी अट घालायची राहून गेली होती, ती आजींनी घातली. डॉक्टर म्हणाला, मी बाहेर झोपतो, बिबट्या जवळपास फिरकणार नाही. त्यालाही आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी नाणेघाटातल्या लेण्यात बसलो होतो. कोकणातून वैशाखऱ्याकडून चढत आलेली वाट जिथे घाटमाथ्याला लागते, तिथे सातवाहनांनी ही गुहा खोदवली. एक मोठी मोकळी खोली आणि भिंतींना लागून कोरलेले दगडी ओटे. घाट चढून आलेल्या माणसाला आधी काय हवं असतं हे खोदणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. भिंतींवर ब्राह्मीतला मोठा लेख आहे, राणी नागनिकेचा. १८२८ च्या सुमारास विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला आणि या लेखाची माहिती जगाला झाली. लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञात काय दक्षिणा दिली त्याचा तपशील. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी, सगळं आकड्यांनिशी. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकचिन्हांमध्ये हे आकडे मोडतात.

खजिनदार त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला. मी म्हटलं, बघ, खर्च भिंतीवर लिहायची पद्धत आहे. तो म्हणाला, "खर्च लिहिलाय. पण कोणी किती भरले ते कुठेय?" मग त्याला बाहेरचा दगडी रांजण दाखवला. घाटातून जाणाऱ्यांचा जकातीचा पैसा त्यात पडायचा असं सांगतात. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

जुन्नरच्या डोंगरांत अशा खोल्यांना तोटा नाही. लेण्याद्रीचा गणपती ज्या लेण्यात बसला आहे तो मुळात बौद्ध विहार. मध्ये मोठं दालन आणि भोवती भिक्खूंच्या २० लहान खोल्या. पावसाळ्यात भटकणं थांबवून एका जागी राहायचं, म्हणून ही सोय. आज खाली भाविकांसाठी भक्तनिवास असतं, तिथे मोठ्या हॉलमध्ये गाद्या मिळतात. वर खोल्या, खाली गाद्या. मधल्या दोन हजार वर्षांत पाहुण्याला गादी मिळायला लागली ही प्रगती मला कमी वाटत नाही.

युरोपात ज्याला यूथ हॉस्टेल म्हणतात त्याची सुरुवातही किल्ल्यातच झाली, हे मला फार उशिरा कळलं. जर्मनीतला रिचर्ड शिरमान हा शाळामास्तर पोरांना घेऊन पायी भटकायचा. १९०९ मध्ये अशाच एका सहलीत त्यांना वादळी पावसाने गाठलं आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तिथे भटक्या पोरांची सोय का करू नये, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. पुढे १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल उघडलं. लाकडी तिमजली पलंगांची ती खोली आजही जपून ठेवली आहे. आपल्याकडे शाळेचा व्हरांडा आणि किल्ला या दोन्ही सोयी आधीपासून होत्या. फक्त त्यांना हॉस्टेल म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

हॉस्टेल हा शब्द आमच्या घरांत शिरला तो यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातल्या ट्रेकमुळे. कसोलच्या बेस कॅम्पवर पुण्या-मुंबईची इतकी माणसं असतात की तंबूत शेजारचा अनोळखी माणूस थोड्या वेळात आपल्या मावसभावाचा शाळासोबती निघतो. रात्री कॅम्पफायर होतो, पण लाकडं जाळायची नाहीत म्हणून मधोमध दिवा लावून त्याभोवती गाणी. मग बोर्नव्हिटा. पन्नाशीचे बँक मॅनेजर हातात कप घेऊन शिस्तीत रांगेत उभे असतात. ते दृश्य त्यांच्या शाखेतल्या लोकांनी पाहायला हवं.

गोव्यातली हल्लीची हॉस्टेलं निराळी. चोर्ला घाट उतरून आम्ही एकदा तिथे गेलो. डॉर्ममध्ये दुमजली पलंग, प्रत्येक पलंगाला स्वतःचा पडदा, स्वतःचा दिवा, स्वतःचा प्लग आणि खाली लॉकर. सगळं स्वच्छ, तक्रारीला जागा नाही. पण आत आलो, जो तो आपापल्या पडद्यामागे गेला, आणि त्या डब्यांतून मोबाईलचा निळा उजेड तेवढा दिसत राहिला. समोरच्या पलंगावरची मुलगी अदबीने म्हणाली, "अंकल, लाइट बंद करू?" खोलीत अंकल बरेच होते, पण सगळ्यांनी एकदम हो म्हटलं. मला प्लग आवडला, हे मान्य करतो. कंबरेलाही गादी आवडली. पाठ टेकण्यापुरती जागा या हिशेबात आता पाठीलाही मत आहे. तरी सभामंडपात एकाच्या बोलण्यावर दुसरा, मग तिसरा, असं करत झोपेत विरत जाणाऱ्या गप्पा पडद्यांत अडकतात. रात्री अकराच्या सुमाराला अंधारात कोणीतरी नोकरी सोडायचं म्हणतो, कोणीतरी आईच्या आजाराचं सांगतो. दिवसा गाडीत शेजारी बसूनही या गोष्टी निघत नाहीत. आडवं पडल्याशिवाय आणि छताकडे बघितल्याशिवाय पुरुषांना बोलता येत नाही, असं माझं निरीक्षण आहे. बायकांचं मला माहीत नाही. त्या बहुतेक बसूनच बोलतात.

आता पुढच्या फेरीचं चाललंय. गाडीच्या मालकाने ग्रुपवर लिहिलं, या वेळी धड हॉटेल घेऊ, एसी डबल रूम, आता वय झालं. खजिनदाराने आकडे टाकायच्या आतच बाकीच्यांनी अंगठे दिले. मी मनातून खूश होतो. मग कोणीतरी विचारलं, "डबल रूममध्ये डॉक्टरबरोबर कोण झोपणार?"

दोन दिवस ग्रुपवर शांतता होती. तिसऱ्या दिवशी खजिनदाराने डॉर्मचं बुकिंग करून टाकलं.