पिठावरची पणती

आज रामदासपेठेतल्या आमच्या काकांचा तिसरा दिवस. 14 वर्षं या घरात धुणीभांडी करते मी, पण इतकं गप्प घर कधी पाहिलं नव्हतं. परवा अंबाझरी घाटावरून सगळे परतले, शेजारच्यांनी पिठलं-भात आणून दिला. काकूंनी घास नाही घेतला. रडल्याही नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला पाणी विचारत राहिल्या.

जिथं काकांना निजवलं होतं तिथं पिठावर पणती ठेवली आहे. तिच्यात तेल घालायचं काम माझ्याकडं आहे. वारा लागू नये म्हणून एसी बंद. एवढ्या उन्हाळ्यातही कोणी लाव म्हणालं नाही.

दुपारी मी भांडी घासत होते तर काकू आल्या आणि मोरीजवळ फरशीवरच बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुझा नवरा गेला तेव्हा तू काय केलंस गं?"

म्हटलं, "पाचव्या दिवशी कामावर आले, काकू. तुमच्याकडंच."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग माझा ओला, साबणाचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि जे रडल्या ना बाप्पा... मीही रडले. माझ्या माणसासाठी तेव्हा रडायचं राहूनच गेलं होतं.

नळ तसाच वाहत होता. संध्याकाळी निघताना पणतीत तेल घालून आले.