बॉलकॉक काढून टाकला

गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी घेतली. चार वर्षांची, कुमैत म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची, चालीला एक नंबर. रात्रभर टेम्पोतून पारनेरला शेतावर आणली आणि आमच्या म्हाताऱ्या घोड्याशेजारी बांधली. दोघांच्या मधे सिमेंटचा हौद, त्याला मी बॉलकॉक लावलेला, पाणी कमी झालं की आपोआप भरतं, म्हणजे चोवीस तास पाणी समोर आणि आपण सुटलो.

चौथ्या दिवशी सकाळी चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, तोंड लावेना. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून सारखी कुशीकडे बघत होती, आणि लीद बघायला गेलो तर रात्रभरात चार-पाच सुके गोळे, बस्स. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "पाणी किती पिते?" म्हटलं हौद भरलेलाच असतो की. "मी हौदाचं नाही विचारलं."

कोरडी लीद आतड्यात अडकून पोटशूळ उठला होता. दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात पाणी सोडलं, दुपारपर्यंत हळूहळू हातानं फिरवली, संध्याकाळी लीद टाकली तेव्हा मी त्या लीदीकडे ज्या प्रेमाने बघितलं ना, बायको अजून हसते.

आता बघा, उन्हाळ्यात पाण्याची काळजी सगळेच घेतात. थंडीत आपल्यालाच तहान लागत नाही म्हणून तिकडे लक्षच जात नाही. हौदातलं पाणी पहाटे बर्फ, तिला आमच्या बोअरच्या पाण्याची चव नवीन, आणि वर मी घालत होतो नुसती कडब्याची कुट्टी. हिरव्या चाऱ्यात चारातले तीन हिस्से पाणीच असतं, कडब्यात जवळपास काही नाही, म्हणजे ती सगळी कसर पिऊनच भरायला हवी. मोठं घोडं साधारण दिवसाला २५ ते ४० लिटर पितं, उन्हात काम असेल तर त्याहून कितीतरी जास्त. म्हातारा पीत होता, बॉलकॉक भरत होता, आणि मला वाटत होतं दोघं पितायत!

आता बॉलकॉक काढलाय. प्रत्येकाची आपली १५ लिटरची बादली, संपली की भिंतीवर खडूची रेघ. थंडीत कोमट पाणी. सुरुवातीला त्यात गुळाचा छोटा खडा विरघळवायचो, वास ओळखीचा झाला की बंद केला. चंदीत रोज २५-३० ग्रॅम मीठ. उन्हाळ्यात तर ते लागतंच, कारण घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठ एवढं जातं की अंगातलं पाणी कमी होऊनही त्याला तहान लागेलच असं नाही. (आणि घामेजलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये असं आमचे आजोबा म्हणायचे, ते मात्र आता कोणी डॉक्टर मानत नाही.)

अंगात पाणी पुरेसं आहे ना, हे कळायला रोज घोडीच्या हिरडीवर बोट दाबून बघतो, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे आणि बोटाला ओल लागली पाहिजे. पण खरं सांगू का, मला आवडतं ते कान बघायला. पाणी पिताना प्रत्येक घोटाला घोडीचे कान मागेपुढे हलतात, मी बादलीपाशी उकिडवा बसून मोजतो. काल सकाळी ४२ झाले आणि मधेच फोन वाजला.