रफू केलेली रेषा

डिसेंबरातली रात्र, साडेदहा वाजून गेले होते. हवाई बेटावरच्या वायमेआ गावातल्या कंट्रोल रूममध्ये आम्ही दोघी बसलो होतो, मी आणि माझी सहकारी. केक वेधशाळेची दहा मीटरची दुर्बीण आमच्यापासून दूर, मौना केआच्या माथ्यावर सुमारे 4200 मीटर उंचीवर. कृत्तिका जवळजवळ डोक्यावर आल्या होत्या. त्यांच्यातल्या मंद वस्तूंच्या आमच्या यादीतल्या दोन आटोपल्या होत्या आणि तिसरीचा पहिला वीस मिनिटांचा एक्सपोजर नुकताच उतरला होता.

आमच्या प्रोग्रामने वर्णपट काढून पडद्यावर टाकला. मी थेट 6708 अँगस्ट्रॉम या तरंगलांबीपाशी गेले. लिथियमची रेषा तिथे असायलाच हवी होती. ती नव्हती.

"नाहीये," मी म्हटलं.

ती खुर्ची ओढून जवळ आली. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

ही रेषा नसणं एवढं मोठं का, ते सांगते. लहानपणी आईने गच्चीवरून दाखवलेला सहा ताऱ्यांचा पुंजका, ज्याच्यावरून कार्तिक महिन्याला नाव मिळालं, त्या कृत्तिका सुमारे 440 प्रकाशवर्षांवर आहेत. डोळ्यांना सहा-सात दिसतात, पण गुच्छात हजारावर तारे आहेत. सगळे एकाच ढगातून जन्मले, म्हणजे सगळ्यांचं वय एकच. पण किती? पूर्वी ते तेजस्वी ताऱ्यांवरून काढत, आणि जुनी उत्तरं सात-आठ कोटी वर्षांच्या आसपास येत. अडचण अशी की मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात बाहेरचा हायड्रोजन किती मिसळतो, यावर ते उत्तर अवलंबून असतं. मिसळण जास्त धरली की ताऱ्याला इंधन जास्त मिळतं आणि वय वाढतं.

गुच्छातल्या सर्वांत मंद वस्तूंना ही अडचण नाही. फार हलके तारे आणि तपकिरी बटू (तारा होण्याइतकं वस्तुमान न जमलेल्या वस्तू) आतून बाहेरपर्यंत ढवळत असतात. वरणाचं पातेलं खळखळून उकळतं ना, तळाचं वर आणि वरचं तळाला, तसं. गाभा साधारण 25 लाख केल्विनपर्यंत तापला की लिथियमच्या अणुकेंद्रावर प्रोटॉन आदळतो आणि त्याची हेलियमची दोन केंद्रं होतात. सगळं पातेलं ढवळलं जात असल्याने गाभ्यात लिथियम संपलं की पृष्ठभागावरही संपतं, आणि आपल्याला पृष्ठभाग दिसतो. वस्तू जितकी जड तितकी ती लवकर तापते. गुरूच्या साधारण साठपट वस्तुमानाखालची वस्तू तर तेवढी कधी तापतच नाही. तिचं लिथियम जन्मभर टिकतं. म्हणून कोणत्याही कोवळ्या गुच्छात तेजाची एक पायरी सापडते. पायरीच्या वरच्यांचं लिथियम जळालेलं, खालच्यांचं शाबूत. वय वाढेल तशी पायरी खाली सरकते. कॅनरी बेटांवरचे खगोलशास्त्रज्ञ रेबोलो आणि सहकाऱ्यांनी 1992 साली लिथियमची ही कसोटी तपकिरी बटू ओळखण्यासाठी सुचवली होती. पुढे तिचंच घड्याळ झालं. 1998 मध्ये स्टॉफर आणि सहकाऱ्यांनी याच केकवरून कृत्तिकांची पायरी पकडली आणि वय आलं साडेबारा कोटी वर्षं. मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात मिसळण जास्त होते, हे या इवल्याशा वस्तूंनी सांगितलं. मला या विषयात ओढलं ते याच गोष्टीने.

कृत्तिकांच्या वयाला ही पायरी नेमकी तारा आणि तपकिरी बटू यांच्या सीमेवरच पडते, हे आणखी एक विशेष. ती आय पट्ट्यात, म्हणजे लालच्या टोकाच्या प्रकाशात, सुमारे 17.8 प्रतीला आहे; प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू मंद. आमची तिसरी वस्तू त्याहून अर्धी प्रत मंद होती. तिच्यात लिथियम नाही म्हणजे एकतर ती कृत्तिकांची नाही, नाहीतर पायरीबद्दल आमचा समज चुकला.

"आपल्या आणि कृत्तिकांच्या मधलाच कुठला तरी म्हातारा तारा असेल," सहकारी म्हणाली.

मलाही तेच वाटावंसं वाटत होतं. पण गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापात तिची आकाशातली सरक कृत्तिकांसारखीच होती. हायड्रोजनची अल्फा रेषा कोवळ्या वस्तूत असते तशी ठळक उजळ होती. आणि 8183 व 8195 पाशी सोडियमची जोडी उथळ होती. म्हाताऱ्या, घट्ट आवळलेल्या बटूत ती खोल जाते. कमी गुरुत्वाच्या, अजून आकसत असलेल्या कोवळ्या वस्तूत उथळ राहते. म्हणजे वस्तू घरचीच होती.

दुसरा एक्सपोजर चालू असताना मी पहिल्याची कच्ची फ्रेम उघडली. स्वच्छ न केलेली, चिपवरून आली तशी. वर्णपटाची फिकट आडवी पट्टी, तिला छेदणाऱ्या आकाशाच्या उभ्या रेषा. बोटाने स्तंभ मोजत 6708 पर्यंत गेले. तिथे पांढराशुभ्र, तिरका, गांडुळासारखा एक ओरखडा पट्टीवर बरोबर त्याच जागी पडलेला होता. कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातून येऊन चिपवर आदळणारा वेगवान कण. लाल प्रकाशासाठीच्या जाड सीसीडीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या चिपमध्ये, असे ओरखडे रोजचेच. वीस मिनिटांत शेकड्यांनी पडतात.

प्रोग्रामने आपलं काम चोख केलं होतं. ओरखडा ओळखला, तेवढे पिक्सेल काढून टाकले आणि आजूबाजूच्या पिक्सेलांवरून किंमती बेतून तिथे भरल्या. पण लिथियमची रेषा आमच्या वर्णपटात जेमतेम चार-पाच पिक्सेल रुंद असते. भोकाबरोबर नक्षीही गेली आणि वर इतका सफाईदार रफू झाला की पडद्यावर कापड अखंड दिसत होतं. मी ज्याला "नाहीये" म्हटलं तिथे मोजलेलं असं काही नव्हतंच.

अकराच्या सुमारास दुसरा एक्सपोजर आला. या वेळी मी स्वच्छता बंद ठेवली. पडदा भरत गेला, आणि 6708 पाशी खळगा होता. गोंगाटातून जरासा वर, पण होता. तिसऱ्यातही त्याच जागी, तेवढाच. तिन्ही एकत्र करताना पहिल्यातले ते पिक्सेल वगळले. रेषेची ताकद जवळपास एक अँगस्ट्रॉम इतकी भरली. सहकारीने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतरही थोडा वेळ दुखत होता.

रेषा दिसली तर ती एका नजरेत पटते. ती नाही असं म्हणायला मात्र कितीतरी जास्त प्रकाश गोळा करावा लागतो आणि त्या चार-पाच पिक्सेलांची खात्री हाताने करावी लागते. पायरीची वरची बाजू पूर्णपणे अशा "नाही"वरच उभी असते. आमच्या तक्त्यात असे अकरा "नाही" होते, आधीच्या रात्रींचे, सगळे त्याच प्रोग्राममधून गेलेले.

पहाटे साडेतीनला कृत्तिका पश्चिमेला उतरल्या. वाईला, आईकडे, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि तिथे त्या पूर्वेला चढलेल्या होत्या. आईला फोन करून बघायला सांगितलं.

दुपारी उठल्यावर मी त्या अकरांच्या कच्च्या फ्रेम एकेक करून उघडल्या. दहा जागच्या जागी होत्या, 6708 पाशी पिक्सेल कोरे करकरीत आणि रेषा खरोखरच नाही. अकराव्याचे दोनच एक्सपोजर होते आणि एकात नेमक्या जागी ओरखडा. ते नाव मी तक्त्यातून काढून रात्रीच्या यादीत सर्वांत वर टाकलं. त्या रात्री माथ्यावर ढग होते आणि घुमट उघडलाच नाही.