ऑडिशनसाठी उतारा निवडताना: माझा अनुभव

पहिल्या ऑडिशनसाठी मी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील लीला बेणारेचे शेवटचे स्वगत निवडले होते. भाषण ताकदीचे आहे, ते केले की माझीही ताकद दिसेल, एवढाच विचार त्यामागे होता. जेमतेम चाळीस सेकंद झाले असतील, तेव्हा परीक्षकांनी मला थांबवले आणि अगदी सौम्यपणे विचारले, “ही बाई कोणाशी बोलते आहे?” मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन मी नाटक पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. 1967 साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात खेळातल्या खोट्या खटल्यात आरोपी ठरवलेल्या बेणारेला आपली बाजू मांडायला फक्त दहा सेकंद दिले जातात, आणि ती बोलू लागते तेव्हा भोवतीची सगळी पात्रे जागच्या जागी स्तब्ध होतात. म्हणजे तिचे बोलणे त्या खोलीतल्या कोणाच्याच कानी पडत नाही. प्रेक्षकांना मात्र ते भिडते, कारण खेळाच्या नावाखाली तिला कसे कोंडीत पकडले गेले हे त्यांनी तोवर डोळ्यांनी पाहिलेले असते. ऑडिशनच्या खोलीत हे मागचे काहीही नसते. ते सगळे दडपण पहिले वाक्य उच्चारण्याआधीच अंगात भिनवावे लागते, आणि माझी तेवढी तयारी नव्हती. शिवाय त्याच दिवशी माझ्याआधी आणखी दोघींनी हेच स्वगत केले होते.

त्यानंतरचे तीन महिने मी ग्रंथालयातून नाटके आणून वाचत राहिले. स्वगतांचे तयार संग्रह मी मुद्दाम बाजूला ठेवले, कारण त्यांत पात्राच्या आयुष्याचा मागचापुढचा धागा तुटलेला असतो, आणि तो ठाऊक नसेल तर परीक्षकांच्या पहिल्या प्रश्नालाच आपण अडखळतो. वाचताना एक भेद हळूहळू स्पष्ट होत गेला. स्वगतात पात्र स्वतःशी किंवा थेट प्रेक्षकांशी बोलते. पण अनेक नाटकांत एक पात्र समोरच्या व्यक्तीशी सलग पानभर बोलते, तिच्याकडून काही मागते, तिला अडवते, समजावते, आणि त्या व्यक्तीच्या गप्प राहण्यानेच बोलण्याची दिशा बदलत जाते. ऑडिशनला हा दुसरा प्रकार कितीतरी अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण अशा उताऱ्यात भावना दाखवत बसण्याऐवजी नटाला काहीतरी मिळवायचे असते. रशियन नाट्यदिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्कींनी पात्राला प्रत्येक प्रसंगी ‘काय हवे आहे’ हे शोधण्यावर जो भर दिला, तो मी पुस्तकात पूर्वी वाचला होता. त्याचा अर्थ मात्र मला उतारा शोधताना कळला.

शेवटी जो उतारा हाती लागला तो सलग नव्हताच. फारशा न गाजलेल्या एका नाटकात मोठी बहीण धाकट्या भावाला, आईची शिलाई मशीन विकू नकोस, म्हणून सांगत असते. भावाची मध्ये सहा छोटी वाक्ये होती. मी ती वहीत शिसपेन्सिलीने खोडली आणि प्रत्येक खोडलेल्या जागी, तो तिथे काय करतो, ते लिहिले: ‘नजर चुकवतो’, ‘घड्याळाकडे बघतो’, ‘हसतो’. बहिणीचे एकही वाक्य मी बदलले नाही. लेखकाच्या शब्दांत आपली भर घालणे मला पटत नाही. ‘हसतो’ या शब्दापाशी तिचा आवाज पहिल्यांदा चढतो आणि पुढच्याच वाक्यात ती मशीनच्या चाकाला तेल कधी घातले होते, असे साधेसे काही विचारते. ते वळण सापडले त्या क्षणी माझी निवड पक्की झाली.

वयाचा विचारही मी याच काळात केला. चोवीस वर्षांच्या मुलीने साठीतली आजी केली, तर परीक्षकांचे लक्ष तिच्या वाकलेल्या पाठीकडे जाते. त्यांना तर आपण आज, या वयात, कोणत्या भूमिकेत शोभू हे पाहायचे असते. वेळेचे गणित सोपे होते. मर्यादा दोन मिनिटांची होती आणि माझ्या वेगाने उतारा दोन मिनिटे वीस सेकंद चालत होता. भराभर बोलण्यापेक्षा मी सुरुवातीची चार वाक्ये काढून टाकली, त्यामुळे भांडण आधीच सुरू झालेले आहे अशा ठिकाणी उतारा सुरू होऊ लागला आणि उलट अधिक बांधेसूद झाला.

ऑडिशनच्या दिवशी भावाला मी परीक्षकांच्या डोक्याच्या किंचित वर, भिंतीवरच्या एका खुणेवर उभे केले. परीक्षकांच्याच डोळ्यांत पाहून बोलले असते, तर त्यांना निवांतपणे पाहता आले नसते आणि नकळत भावाची भूमिका करावी लागली असती. उतारा संपला, तेव्हा एका परीक्षकाने पुन्हा करायला सांगितले. म्हणाले, “आता समजा, त्याने मशीन सकाळीच विकली आहे आणि हे तुम्हाला ठाऊक आहे.”

शब्द तेच राहिले, पण ‘विकू नकोस’ ही विनवणी उरली नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करावे म्हणून मी वाट पाहत होते. तेलाचा प्रश्न आला तेव्हा माझा आवाज इतका खाली गेला की शेवटच्या रांगेत बसलेले परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. मला कोणीही मध्ये थांबवले नाही. दुसऱ्या फेरीसाठी माझे नाव लागले आणि त्यासाठी याच्या उलट प्रकृतीचा, हलकाफुलका उतारा मागितला आहे. सध्या मी तो शोधते आहे, आणि यावेळी वहीत सर्वांत वर, ऐकणारा कोण, हे लिहून ठेवले आहे.